मार पायांवर बसला, किडनी बंद पडली

"यांना कुणी मारलंय?"

डॉक्टर मॅडमनी हे विचारलं तेव्हा त्यांच्या हातात नळी घालून काढलेल्या लघवीची छोटी बाटली होती. आतलं लघवीसारखं दिसतच नव्हतं. बिनदुधाचा चहा गॅसवर विसरला की कसा काळपट होतो, तसा रंग. माझे मिस्टर खाटेवर पालथे पडले होते. मॅडमनी त्यांच्या मांडीवरचा कपडा बाजूला केला, दोन बोटांनी हलकंसं दाबलं, आणि ते ओरडले. मांडी टणक झाली होती, सुजून चकाकत होती.

मी म्हणाले, "गोदामात अंगावर माल पडला."

"कसला माल?"

"प्लायवूडच्या फळ्या."

मॅडम वयाने माझ्याहून लहान असतील. त्यांनी आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "ताई, फळी अशी पडत नाही. दोन्ही पायांवर मागच्या बाजूनेच एकावर एक वळ आहेत. मला कुणाचं भांडण सोडवायचं नाहीये, यांना वाचवायचंय. खरं सांगा. औषधं त्यावर ठरतात."

मी मिस्टरांकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. मग मी सांगितलं. पोलिसांनी मारलं. काठ्यांनी. माझ्या डोळ्यांदेखत.

तेव्हा मॅडमनी एक शब्द उच्चारला. त्या दिवशी तो मला धड ऐकूही आला नाही, आता पाठ झालाय. रॅब्डोमायोलिसिस. म्हणजे मांड्या, पोटऱ्या, कुल्ले अशा मोठ्या स्नायूंना जबर मार बसला की ते आतल्या आत फुटतात. त्यातला लालसर पदार्थ रक्तात उतरतो, किडनीत जाऊन तिथल्या बारीक नळ्या तुंबवतो. लघवी काळी होते, कमी होते, मग बंद होते. "बाहेर रक्ताचा थेंब नसतो," मॅडम म्हणाल्या, "म्हणून लोक मुका मार समजून घरी बसतात. तुम्हीही उशीर केलाय. दोन्ही किडन्या बंद पडायला लागल्यात."

मला एवढंच कळत होतं की मार पायांवर बसला होता आणि या बाई किडनीबद्दल बोलत होत्या.

मी लेखिका नाही. नाशिक रोडला रेल्वे लाइनच्या पलीकडच्या वस्तीत राहते, एका शाळेत मावशी म्हणून काम करते. मिस्टरांचं नाव विलास. घरी मी त्यांना 'अहो' म्हणते, पण इथे नावाने लिहिते म्हणजे वाचणाऱ्याचा गोंधळ होणार नाही. ते गोदामात माल चढवायचं-उतरवायचं काम करायचे. हे सगळं लिहिण्याचं कारण एकच. उद्या तुमच्या घरातल्या माणसावर ही वेळ आली, तर काळ्या लघवीचा अर्थ तुम्हाला माहीत असावा. मला नव्हता.

उन्हाळ्याचे दिवस होते. आमच्या वस्तीला बरेच दिवस नळाला पाणी नव्हतं. टँकर यायचा तो पुढच्याच गल्लीत रिकामा व्हायचा. शेवटी बायकांनी ठरवलं आणि आम्ही रिकामे ड्रम, हंडे घेऊन मोठ्या रस्त्यावर जाऊन बसलो. मीही होते. माझी मुलगी प्रणाली, सातवीतली, माझ्या शेजारी बसली होती. रस्ता अडला, हॉर्न वाजायला लागले. पोलिसांची गाडी आली. आधी नीट बोलले, मग उठा म्हणाले. आम्ही म्हटलं, टँकर येऊ दे, उठतो.

विलास कामावरून सुटून तिथे आले ते आम्हाला घरी न्यायला. डबा हातात होता. "चल गं, पोरीला घेऊन ऊठ, हे चांगलं दिसत नाही," असं म्हणत होते, तेवढ्यात मागून कुठून तरी दगड आला आणि पोलिसांच्या गाडीची काच फुटली. दगड कुणी मारला ते मला आजही माहीत नाही. पुढे काय होणार ते मात्र लगेच कळलं. काठ्या सुरू झाल्या. बायका पडल्या, हंडे घरंगळले, सगळे वस्तीकडे पळाले. पोलीस गल्लीत शिरले.

विलासने मला आणि प्रणालीला शेजारच्या मंदाकाकूंच्या घरात ढकललं आणि बाहेरून दार ओढून घेतलं. ते स्वतः आत आले असते तर? हा विचार मी हजारदा केला असेल. पण त्यांच्या मागेच पोलीस होते. आत आले असते तर काठ्याही आत आल्या असत्या.

दाराशेजारी खिडकी होती, जाळीची. मी तिथून पाहिलं. चार पोलीस होते. एकाने विलासची कॉलर धरून त्यांना पालथं पाडलं, दुसऱ्याने मानेवर गुडघा ठेवला. बाकीचे दोघे मारत होते. त्यातला एक जण म्हणत होता, "खालीच मार, खालीच. डोक्याला लागू देऊ नको." दगड मारणाऱ्याचा राग होता म्हणावं, तर तसं ते वाक्य नव्हतं. सवयीने कामाची सूचना द्यावी तसं तो बोलत होता.

मी ओरडले, "साहेब, ते कामावरून आलेत! त्यांनी काही केलं नाही!" एकाने खिडकीकडे पाहिलं. जाळीवर काठी आपटली. मी प्रणालीचं तोंड माझ्या पोटाशी दाबून धरलं होतं, पण आवाज तर कानांना येत होताच. काठीचा आवाज आणि विलासचा आवाज. नंतर नंतर नुसता काठीचाच.

मग त्यांना ओढत गाडीत घातलं. दुसऱ्या दिवशी दुपारी सोडलं. तोवर पाणीही धड दिलं नव्हतं. ते भिंत धरत धरत चालत आले. मी विचारलं तर म्हणाले, "कुणाला काही सांगू नकोस. तोंड उघडलं तर मोठी केस टाकतील म्हणालेत."

म्हणून वस्तीतल्या डॉक्टरांना विलासने सांगितलं की गोदामात माल पडला. डॉक्टर भला माणूस. त्यांनी दुखणं थांबायचं इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या, आणि बरं वाटलं नाही तर मोठ्या दवाखान्यात जा, असंही सांगितलं. विलास त्या गोळ्या घेत राहिले. दुखतच इतकं होतं. पुढे सरकारी दवाखान्यात मॅडमनी गोळ्यांचं पाकीट हातात घेतलं आणि कपाळाला हात लावला. वेदनाशामक गोळ्यांपैकी बऱ्याचशा किडनीवर ताण आणतात. किडनी आधीच मरगळलेली, त्यात हे. मार बसलाय हे खरं कळलं असतं तर त्या डॉक्टरांनी कदाचित ती दिली नसती. भीतीने बोललेलं एक खोटं असं अंगाशी आलं.

लघवीचा रंग विलासला पहिल्याच दिवशी दिसला होता. मला सांगितलं नाही. उन्हाने होत असेल असं वाटलं म्हणे. मग उलट्या सुरू झाल्या, तोंड सुजलं, आणि एका सकाळी लघवीच झाली नाही. तेव्हा मी शेजारची रिक्षा बोलावली.

दवाखान्यात रक्ताचे रिपोर्ट आले. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायची घाण रक्तात किती साठलीय याचा आकडा, खूप वाढलेलं. पोटॅशियमही वाढलेलं. मॅडमनी समजावलं की पोटॅशियम फार वाढलं तर हृदय मध्येच थांबू शकतं. "आज डायलिसिस करावं लागेल. मानेत नळी टाकतो. मशीन रक्त बाहेर काढून धुऊन परत आत सोडतं. सही करा."

मी विचारलं, "वाचतील ना?"

"प्रयत्न करू," त्या म्हणाल्या. मला वाटलं होतं डॉक्टर 'हो' म्हणतात.

डायलिसिसच्या खोलीबाहेर एक लांब बाक आहे. तिथे बसणाऱ्यांचा एक वेगळाच गाव असतो. सगळे एकमेकांना ओळखतात. सटाण्याकडची एक बाई, यमुनाबाई, तिच्या नवऱ्याचं डायलिसिस कित्येक महिने चालू होतं. ती माझ्याकडे बघत होती. जवळ सरकून तिच्या अहिराणीत म्हणाली, "सकायपाइन काही खादं का माय? पोटमा काही टाक पहिले." तिने पिशवीतून भाकरी आणि ठेचा काढला. मला घास गिळवेना. ती म्हणाली, "तू पडनी त त्याले कोन देखी?" मी खाल्लं. रडत रडत खाल्लं.

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी हवालदार आले. मारहाणीचा पेशंट आला की दवाखाना पोलिसांना कळवतो, त्याला एमएलसी म्हणतात. तो नियमच आहे, त्यात दवाखान्याचा दोष नाही. पण ज्यांनी मारलं त्यांच्याच खात्याचा माणूस कागद घेऊन समोर उभा होता. हवालदार वयस्कर होते, थकलेले. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, लिहिलं आणि कागद पुढे केला.

मी वाचायला लागले. लिहिलं होतं, जमावातल्या झटापटीत अनोळखी लोकांकडून मार लागला.

"मी असं नाही सांगितलं," मी म्हणाले.

"बाई, कशाला डोक्याला ताप करून घेता? नवरा आत मशीनला लागलाय. सही करा, मोकळ्या व्हा. आम्हालाही नोकरी आहे."

"मी पोलीस म्हणाले. काठ्यांनी मारलं म्हणाले."

"नावं माहितीयेत का तुम्हाला?"

"नाही. पण चेहरे सांगते."

मॅडम तिथूनच चालल्या होत्या. त्या थांबल्या. हवालदारांना म्हणाल्या, "काका, माझ्या पेपरवर वळांची लांबी, जागा, सगळं लिहून ठेवलंय. कशाने मारलं असं पत्नीने सांगितलं, तेही लिहिलंय. तुमच्या जबाबात वेगळं आलं तर उद्या मला विचारतील. मी जे लिहिलंय तेच सांगीन."

हवालदारांनी मॅडमकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग कोरा कागद काढला. या वेळी मी बोलले तसं लिहिलं. हळूच म्हणाले, "पुढे त्रास होईल बरं का." धमकी होती की काळजी, मला ओळखता आलं नाही.

त्रास झालाच. विलासवर सरकारी कामात अडथळा आणि दगडफेकीचा गुन्हा दाखल झाल्याचं आम्हाला दवाखान्यातच कळलं. शुद्धही धड नसलेल्या माणसावर.

त्यानंतरचे दिवस मला वेगवेगळे आठवत नाहीत. एकाआड एक दिवस डायलिसिस. खाटेला लघवीची पिशवी लटकवलेली, आणि ती रिकामी. सकाळी उठले की मी पहिल्यांदा तीच बघायची. नळीत दोन थेंब दिसले तरी नर्सला हाक मारायची. ती यायची, बघायची, निघून जायची.

विलास पाणी मागायचे. किडनी बंद असली की पाणी अंगात साठतं, फुप्फुसात जातं, म्हणून मोजकंच द्यायचं होतं. छोटी वाटी, दिवसभरासाठी. ते चिडायचे, मग विनवायचे. "एक घोट दे गं. एकच." ज्या पाण्यासाठी आम्ही रस्त्यावर बसलो होतो ते दवाखान्याच्या नळाला धो धो यायचं, आणि मला त्यांच्या ओठांना ओला कापूस लावता यायचा, बस. मी बाहेर जाऊन पाणी प्यायची. त्यांच्यासमोर पिता यायचं नाही.

एका दुपारी त्यांना धाप लागली. छाती भात्यासारखी वरखाली व्हायला लागली, तोंडाला फेस आला. ऑक्सिजनचा मास्क लावला, मशीनला नेलं, मला बाहेर काढलं. दार बंद झालं. मी बाकावर बसले नाही, जमिनीवरच बसले. मनात एकच होतं, आता बाहेर येऊन सांगतील. प्रणालीला काय सांगायचं? तिला मी नांदगावला माझ्या बहिणीकडे पाठवलं होतं. ती फोनवर रोज एकच विचारायची, "पप्पांनी काय केलं होतं?" मी म्हणायची काही नाही बाळा. ती म्हणायची, "मग का मारलं?" आणि आता कदाचित तिचे पप्पाही राहणार नव्हते.

त्याच संध्याकाळी, त्यांची धाप जरा बसल्यावर, वस्तीतले भाऊ आले. आमच्याकडे निवडणुकीत फिरतात ते. शहाळी आणि केळी घेऊन आले होते. मी म्हटलं, हे चालत नाही, यात पोटॅशियम असतं. ते जरा ओशाळले. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "संगीता, मी पोलीस ठाण्याच्या साहेबांशी बोललोय. तू जबाब मागे घे. विलासवरची केस ते बघतील. आधी माणूस वाचू दे, न्यायबियाय नंतर."

खरं सांगते, मी जवळजवळ हो म्हणाले होते. माझ्यात काही उरलं नव्हतं. माणूस वाचत असेल तर मी कशावरही सही केली असती. पण मला एवढंच सुचलं, "भाऊ, माझ्या सहीने लघवी सुरू होणार आहे का?" ते केळ्यांची पिशवी हातात फिरवत राहिले. मी म्हणाले, "मग नको."

हे धाडस होतं असं समजू नका. मी आत येऊन विलासना सांगितलं तेव्हा ते मास्कमधून म्हणाले, "करून टाकायची सही." आणि तोंड फिरवलं. त्या वेळी मला वाटलं, मी मोठी चूक केली.

पुढचा आठवडा असाच गेला. यमुनाबाईचा नवरा त्याच आठवड्यात वारला. ती बाकावर शेवटची आली तेव्हा तिने मला जवळ घेतलं आणि म्हणाली, "तुना व्हई जाई चांगला." तिचं स्वतःचं सगळं संपलेलं असताना, तुझा माणूस बरा होईल, असं ती मला म्हणाली. मला तिच्यासाठी काही करता आलं नाही, तिचा पत्ताही मी घेतला नाही.

मग एका सकाळी पिशवीत लघवी होती. थोडीशीच, पण होती. पिवळट. मी किती वेळ तिच्याकडे बघत बसले कुणास ठाऊक. नर्स आली, वाकून पाहिलं आणि पहिल्यांदाच हसली. "चालू झाली वाटतं गाडी." दुसऱ्या दिवशी त्याहून जास्त. मॅडम आल्या, रिपोर्ट बघितले आणि म्हणाल्या, "क्रिएटिनिन उतरायला लागलंय. किडनी जागी होतेय." मॅडमनी आधी सांगितलं होतं की मारामुळे बंद पडलेली किडनी पुष्कळदा पुन्हा चालू होऊ शकते, तेवढा वेळ माणूस तगला पाहिजे. मला तेव्हा ते धीर देणं वाटलं होतं.

मानेतली नळी काढली. आम्ही घरी आलो. प्रणाली नांदगावहून परत आली.

आता विलास पूर्वीसारखे नाहीत. पाय बारीक झालेत, डाव्या पायाचा पंजा नीट उचलला जात नाही. गोदामाचं काम सुटलं. एका दुकानात बसून करायचं काम मिळालंय. किडनी बरीचशी सावरली, पण क्रिएटिनिन थोडं वरच राहतं, आणि ते तसंच राहील असं नवीन डॉक्टरांनी सांगितलंय. दुखण्यावरची साधी गोळीही आयुष्यभर विचारल्याशिवाय घ्यायची नाही. पोलिसांची गाडी दिसली की ते बोलता बोलता थांबतात. त्यावर औषध कुणी दिलेलं नाही.

मॅडमची बदली झाली. मला त्यांचे आभार मानायचे राहिले. त्या कुठेही असोत, त्यांना कळावं की त्यांनी दोनदा आम्हाला वाचवलं. एकदा लघवीची बाटली बघून, आणि एकदा स्वतःचा कागद न बदलून.

वाचणाऱ्यांना माझं सांगणं साधं आहे. कुणालाही पायांवर, पाठीवर खूप मार बसला असेल तर हाड मोडलं नाही म्हणून समाधान मानू नका. लघवीचा रंग बघा. गडद वाटली, कमी झाली, तर लगेच मोठ्या दवाखान्यात जा. आपल्या मनाने गोळी घेऊ नका. आणि डॉक्टरांना खरं सांगा, मारणारा कुणीही असो.

विलासवरची केस चालू आहे. तारखांना जावं लागतं. माझ्या जबाबावरून मारहाणीची पोलीस खात्यामार्फत चौकशी लागली आहे आणि मला पुढच्या आठवड्यात मोठ्या अधिकाऱ्यांसमोर बोलावलंय. मोफत मदतीतून मिळालेल्या वकीलबाईंनी सांगून ठेवलंय की उलटसुलट विचारतील, गर्दी होती, धूळ होती, तुम्ही घाबरलेल्या होतात, असं म्हणतील. मला भीती वाटते. जेवण जात नाही.

काल जेवताना विलास म्हणाले, "जाऊ दे ना संगीता. मी जिवंत आहे, बस झालं. कशाला जातेस?"

मी म्हणाले, "तुम्ही पालथे पडला होतात. तुम्हाला त्यांचे चेहरे दिसले नाहीत. मला दिसलेत."

त्यांनी ताट बाजूला सारलं आणि म्हणाले, "मी पण येतो सोबत. जिने असतील तर हात धर."